बारा संगणक आणि एक मेन स्विच

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तीन वर्षांपूर्वी बारा संगणक आले. नवे नव्हेत. कुठल्याशा मोठ्या कचेरीनं मोडीत काढलेले, पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून घाऊक भावात घेतलेले. बारांपैकी अकरांतल्या हार्ड डिस्क आधीच काढून घेतलेल्या होत्या. आमची त्याला हरकत नव्हती, भाव त्यामुळेच उतरला होता. वाचनालयाच्या माडीवरची जुनी मासिकं आणि दिवाळी अंक आम्ही दोन वर्षं खपून स्कॅन केले होते. ती पानं वाचकांना खालच्या दालनात बसून वाचता यावीत, एवढीच गरज होती. त्यासाठी प्रत्येक संगणकात डिस्क असायला हवी असं नाही. कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्यांनी सकाळी चालू झाल्यावर नेटवर्कच्या वायरीवरून त्याच्याकडून सगळं मागून घ्यायचं. याला नेटवर्क बूट म्हणतात.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरून ‘आधी नेटवर्कवर शोध’ असं सांगून ठेवलं. बाराही पडद्यांवर मासिकांची यादी उमटली. कार्यवाहांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारांपैकी नऊ पडद्यांवर इंग्रजीत एकच ओळ होती, तिचा अर्थ: सुरू करण्याजोगं उपकरण सापडलं नाही. मी पुन्हा नऊ ठिकाणी शिरलो, तेच सेटिंग पुन्हा केलं. दिवसभर सगळं सुरळीत. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच नऊ.

आता इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि ती संगणकाची नाही. संध्याकाळी सगळ्यात शेवटी वाचनालयातून बाहेर पडतो तो शिपाई. बावीस वर्षांचा मुलगा, रोजंदारीवर, मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा. कार्यवाह म्हणाले, “हा पोरगा रात्री खेळ खेळायला संगणक उघडतो आणि काहीतरी उलटसुलट करून ठेवतो.” मी म्हटलं, सेटिंगला पासवर्ड घालू, म्हणजे कळेल. घातला. पुढच्या सकाळी नऊ संगणकांवरची सेटिंग गेलेली होती आणि पासवर्डही गेलेला होता. झालं. पोरानं पासवर्ड फोडला, असा निकाल लागला आणि रविवारी कार्यकारी मंडळाची बैठक ठरली. मीही तेव्हा गप्प बसलो, हे इथे लिहून ठेवतो. दिवस मंगळवार होता.

मी इंजिनिअर नाही. आयुष्य कारकुनीत गेलं, विषय म्हणाल तर जुनी नियतकालिकं, आणि संगणकाकडे वळलो तो त्या नियतकालिकांमुळेच. जे शिकलो ते मॅन्युअलं वाचून आणि यंत्रं बिघडवून. त्यामुळे रविवारपर्यंतचे पाच दिवस मी जे केलं ते एखाद्या जाणत्या माणसानं पाच मिनिटांत केलं असतं. पण तसा माणूस आमच्याकडे नव्हता. आणि अशा यंत्राच्या विसराळूपणापायी कुठे ना कुठे कोणावर तरी आळ येतच असेल, म्हणून हे सविस्तर लिहितो.

०

संगणकाचं बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी त्याच्या मुख्य मेमरीत काहीही नसतं. प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला कार्यक्रम वाचू लागतो. हा कार्यक्रम म्हणजे फर्मवेअर. शब्द १९६७ सालचा, अ‍ॅशर ओप्लर यांनी ‘डेटामेशन’ नियतकालिकातल्या लेखात वापरलेला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं, धड कठीण नाही आणि धड मऊ नाही असं काहीतरी. त्यांच्या मनात तेव्हा वेगळा, प्रोसेसरच्या पोटातला प्रकार होता, पण शब्द टिकला आणि पसरला. लोक अजून सवयीनं त्याला ‘बायोस’ म्हणतात. गेल्या पंधराएक वर्षांतल्या संगणकांत त्याची जागा ‘यूईएफआय’ या नव्या घडणीच्या फर्मवेअरनं घेतली आहे.

या फर्मवेअरचं शेवटचं काम म्हणजे पुढचा, मोठा कार्यक्रम कुठून आणायचा ते ठरवणं. डिस्कवरून, पेनड्राइव्हवरून की नेटवर्कवरून? नेटवर्कवरून आणायचा तर गंमत आहे. संगणकाला स्वतःचा पत्ता माहीत नसतो, सर्व्हरचाही नसतो. नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा एक क्रमांक तेवढा जवळ असतो. अनोळखी गावात रात्री एस.टी.तून उतरलेल्या माणसानं स्टँडवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडावं, तसं तो ओरडतो: मी अमुक क्रमांकाचा, मला कोणी पत्ता देतं का? सर्व्हर उत्तर देतो: हा घे पत्ता. संगणक म्हणतो, चालेल, हाच घेतो. सर्व्हर म्हणतो, दिला. या चार निरोपांच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. त्याच संवादात सर्व्हर हेही सांगतो की पुढची फाइल कोणती आणि ती कोणाकडे मिळेल. मग टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या पद्धतीनं ती फाइल थोडी थोडी करून येते आणि तिथून पुढचं राज्य तिचं.

ही कल्पना आजची नाही. १९८४ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी डिस्क नसलेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता विचारता यावा म्हणून एक पद्धत लिहून काढली. १९८५च्या सप्टेंबरात बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ नावाची अधिक पुरी पद्धत मांडली, डीएचसीपी तिचीच लेक. बूटपीच्या त्या मसुद्यात एका भागाचं शीर्षकच ‘कोंबडी आणि अंडं’ अशा अर्थाचं आहे. ज्याला अजून स्वतःचा पत्ता ठाऊक नाही, त्याला त्या पत्त्यावर उत्तर पाठवायचं कसं, हा प्रश्न. आपल्याकडे याला बीजांकुर न्याय म्हणतात आणि तो अनादी मानून सोडून देतात. या दोघांना सोडून देता येत नव्हता. त्यांनी तोड काढली: सर्व्हरनं एक तर त्या कोरलेल्या क्रमांकाशी पत्त्याची जोडी स्वतःच लावून टाकावी, नाहीतर उत्तरही सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं द्यावं. १९९९च्या सुमारास इंटेलनं ‘पीएक्सई’ या नावानं हे सगळं घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांसाठी एका साच्यात बसवलं. आमचे बारा संगणक त्याच साच्यातले.

०

बुधवारी सकाळी मी वाचनालयाचं एक कोरं रजिस्टर मागून घेतलं आणि रकाने आखले. संगणकाचा क्रमांक. कधी बंद केला, कसा बंद केला. चालू केल्यावर काय राहिलं, काय गेलं. आणि एक रकाना ‘पडद्यावर नेमकं काय आलं’. हा शेवटचा रकाना आधीच आखायला हवा होता, कारण ‘सेटिंग गेलं’ असं आपण ज्याला म्हणतो त्यातलं बरंचसं गेलेलं नसतंच.

संगणक नेटवर्ककडे विचारतो, उत्तर येत नाही, म्हणून तो पुढे जातो आणि शेवटी ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, तो विचारायचंच विसरला. पण मधे क्षणभर एक ओळ चमकून जाते. पीएक्सई-ई ६१ आलं तर वायर किंवा तिच्या पलीकडचा स्विच पाहावा. ई ५१ आलं तर संगणक ओरडला, पण पत्ता द्यायला कोणी पुढे आलं नाही. ई ५३ आलं तर पत्ता मिळाला, पण कोणती फाइल घ्यायची ते कोणी सांगितलं नाही. यातल्या एकातही संगणकाची स्मृती गेलेली नसते. सकाळी मेन चालू केल्यावर बारा संगणक लगेच जागे होतात आणि सर्व्हर मात्र डोळे चोळत असतो, असंही घडतं. काही महागड्या नेटवर्क स्विचांना तर एखादी वायर जिवंत झाल्यावर ती वाट मोकळी करायला ३० सेकंद लागतात. पंधरा सेकंद ऐकण्यात, पंधरा शिकण्यात. तेवढ्यात संगणक दमून पुढे गेलेला असतो.

आमच्या नऊ संगणकांवर यातली एकही ओळ येत नव्हती. ते नेटवर्ककडे वळतच नव्हते. आत शिरून पाहिलं तर ‘नेटवर्क स्टॅक’ नावाची कळच बंद होती. यूईएफआयमध्ये ही कळ बंद असेल तर नेटवर्कचं नाव यादीतही येत नाही, मग त्याला पहिलं करणं दूरच. (इथे नवखे हमखास अडकतात. कळ चालू केल्या केल्या यादीत पाहावं तर नेटवर्क नसतंच. आधी जतन करून एकदा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो, मग यादीत नाव उगवतं, मग क्रम लावायचा आणि पुन्हा जतन करायचं. दोन फेऱ्या आहेत. एकाच फेरीत परत आलेला माणूस शपथेवर सांगतो की मी सेटिंग केलं होतं.)

म्हणजे नऊ संगणक खरोखर विसरत होते. पण काय काय विसरत होते? रजिस्टरात मी लिहीत गेलो. नेटवर्कची कळ, गेली. क्रम, गेला. पासवर्ड, गेला. आणि तारीख. तारखेकडे तोवर कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. नऊही संगणकांची घड्याळं कित्येक वर्षं मागे जाऊन पहिल्या जानेवारीवर उभी होती. ज्याला रात्री बसून खेळ खेळायचा आहे तो नऊ संगणकांची तारीख मागे कशाला नेईल?

दुपारी मी नऊही संगणक मेनूतून रीतसर बंद केले, दहा मिनिटांनी चालू केले. काहीही गेलं नाही. संध्याकाळी मुलाला गाठलं.

“रात्री जाताना तू नेमकं काय काय करतोस रे?”

तो आधी बोलेचना. मग म्हणाला, “काका, पंखे बघतो, खिडक्या लावतो, मेन पाडतो आणि कुलूप घालतो. आईशप्पथ, दुसरं काही नाही.”

“मेन रोज पाडतोस?”

“मॅडमनीच सांगितलंय. मागं शॉर्टसर्किट झालं होतं ना.”

त्या रात्री मी ग्रंथपालबाईंच्या परवानगीनं मेन चालूच ठेवायला सांगितला. गुरुवारी सकाळी नऊही संगणकांना सगळं आठवत होतं. गुरुवारी रात्री मेन पाडला. शुक्रवारी नऊही कोरे.

०

हे कसं होतं ते कळायला थोडं मागं जावं लागेल. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये सेटिंग म्हणजे मदरबोर्डवरच्या बारक्या खटक्यांची रांग होती. मेमरी किती, पडदा कसला, फ्लॉपी किती, हे टोकदार काहीतरी घेऊन खटके वर-खाली करून सांगायचं. गैरसोयीचं खरं, पण खटका विसरत नाही. १९८४ साली आयबीएमनं पीसी-एटी काढला आणि त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप बसवली. तिच्या पोटात ६४ बाइटांची मेमरी होती. चौदा बाइट घड्याळाच्या कामाला, उरल्या पन्नासांत संगणकाची सेटिंग. चिप सीमॉस जातीची, म्हणजे फार थोड्या विजेवर तगणारी, म्हणून तिला एक बॅटरी लावून ठेवली की संगणक बंद असतानाही घड्याळ चालायचं आणि सेटिंग टिकायची. तेव्हापासून घड्याळ आणि स्मृती यांची गाठ पडली. बॅटरी संपली की दोन्ही एकदम जायचं.

ती बॅटरी आजही बहुतेक मदरबोर्डांवर असते. सीआर २०३२ नावाचा, नाण्यासारखा चपटा सेल. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. आता यातली मेख अशी की संगणकाची पिन भिंतीतल्या चालू सॉकेटात असेल, तर संगणक बंद असला तरी त्याचा पॉवर सप्लाय बारीक वीज देत राहतो आणि घड्याळ त्या विजेवर चालतं. सेल नुसता बसून असतो. इंटेलच्या मदरबोर्डांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असायचं की भिंतीची वीज तोडून ठेवली तर सेल साधारण तीन वर्षं पुरेल, जोडून ठेवली तर जास्त.

ज्या कचेरीतून हे संगणक आले तिथे मेन कधीच पडत नसणार. सेल कधी मेले ते तिथे कोणाला कळलंच नसेल. आमच्या वाचनालयात रोज रात्री मेन पाडणारा एक इमानी मुलगा होता, म्हणून ते कळलं.

पण माझ्या मनाचं इथे समाधान होईना. कारण यूईएफआयच्या संगणकात सेटिंग आता त्या पन्नास बाइटांत राहत नाही. ती फ्लॅश चिपमध्ये, फर्मवेअरच्या शेजारीच लिहिली जाते, आणि फ्लॅशला बॅटरी लागत नाही. पेनड्राइव्ह खिशात टाकून आठवडाभर फिरलं तरी त्यातल्या फाइली पुसल्या जात नाहीत, तसंच. मग सेल मेल्यानं फ्लॅशमधलं सेटिंग का जावं?

याचं उत्तर मला सगळ्यात रोचक वाटलं. मदरबोर्डवर ‘क्लिअर सीमॉस’ नावाच्या दोन-तीन पिना असतात. पासवर्ड विसरला, सेटिंगचा चुथडा झाला, तर त्या क्षणभर जोडायच्या, म्हणजे सगळं मूळपदावर येतं. जुन्या काळी त्यानं खरोखर मेमरीची वीज तुटायची. नव्या काळी पुसण्यासारखं तिथे फारसं काही उरलं नाही, पण खूण तीच ठेवली आहे: घड्याळाची वीज गेली होती, अशी नोंद चिपसेटमध्ये एका बिटात उमटते. फर्मवेअर सुरू होताना ते बिट पाहतं आणि बरीचशी फर्मवेअरं असा अर्थ लावतात की मालकानं सगळं विसरायला सांगितलं आहे. मेलेला सेल नेमकी तीच खूण करतो. फर्मवेअरच्या दृष्टीनं दोन्हींत फरक नाही. म्हणजे आमचे संगणक काही विसरत नव्हते, रोज सकाळी हुकूम झाला असं समजून ते सगळं पुसून टाकत होते. पासवर्डसुद्धा. आणि मूळपदावर नेटवर्कची कळ बंद असते.

शनिवारी घड्याळाच्या दुकानातून बारा सेल आणले. जुने नऊ मल्टिमीटरवर तपासले, सगळे दोन व्होल्टच्या खाली. नवा सेल तीनच्या किंचित वर दाखवतो. (नुसत्या मीटरवर विसंबू नये. थकलेला सेलही मोकळा मोजला तर बरा आकडा दाखवतो आणि काम अंगावर पडलं की मान टाकतो. शंका असेल तर बदलावा, तपासायच्या खटाटोपापेक्षा ते स्वस्त.)

०

रविवारच्या बैठकीत मी ते नऊ सेल कागदाच्या पुडीत बांधून नेले. रजिस्टर उघडून दाखवलं, बुधवार-गुरुवार-शुक्रवारचे रकाने वाचले. कार्यवाहांनी पुडीतला एक सेल उचलून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “एवढ्याशानं?” मग पुढचा विषय घेतला. मुलगा तेव्हा सगळ्यांना चहा देत होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही, वाईटही नाही आणि दुसरंही नाही. बैठक संपल्यावर मी त्याला म्हटलं, “चुकलं आमचं.” तो “असू द्या काका” म्हणून कप उचलून निघून गेला.

हे इथे संपायला हवं होतं. पण नवे सेल बसवल्यावरही तीन संगणक नीट वागेनात, आणि तिघांची दुखणी तीन. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण सेल बदलला तरी बरं होत नाही म्हणून मदरबोर्ड फेकणारे लोक मी पाहिले आहेत.

सात नंबरच्या संगणकाची तारीख शाबूत होती, पासवर्ड शाबूत होता, नेटवर्कची कळ चालू होती, पण नेटवर्कचा पहिला क्रमांक एकदाच टिकायचा. दुसऱ्यांदा सुरू केलं की गेला. यूईएफआयमध्ये प्रत्येक पर्यायाला एक चार आकडी क्रमांक असतो आणि ‘बूटऑर्डर’ नावाच्या नोंदीत त्या क्रमांकांची यादी असते. शिवाय ‘बूटनेक्स्ट’ नावाची एक वेगळी नोंद असते: फक्त पुढच्या वेळी इथून सुरू हो. ही नोंद वाचली की फर्मवेअरनं ती स्वतःच पुसायची, असा नियमच आहे. लिनक्समधून या नोंदी बदलायची जी आज्ञा आहे, तिच्यात कायमच्या क्रमासाठी ‘ओ’ हे अक्षर आहे आणि एका वेळेपुरत्या निवडीसाठी ‘एन’. इंग्रजी बाराखडीत ही दोन अक्षरं शेजारी शेजारी. त्या संगणकावर घाईत ‘एन’ मीच लिहिला होता. मुलावर आळ घेणाऱ्यांत मी गप्प बसलेला, आणि चुकीचं सेटिंग करणारा त्या दालनात खरोखर कोणी असेल तर तो मी. सुरू होताना एफ १२ दाबून जो तात्पुरता मेनू येतो त्यातली निवडही अशीच एका वेळेची असते. पुष्कळांना ती कायमची वाटते.

दुसरा, देवघेवीच्या टेबलावरचा. बारांत हाच डिस्कवाला, त्यात विंडोज. त्यालाही आम्ही आधी नेटवर्ककडे वळवलं होतं. सर्व्हर एक मेनू दाखवायचा, दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर संगणक आपल्या डिस्ककडे जायचा. हा संगणक आठवडेच्या आठवडे नीट चालायचा आणि मधेच एखाद्या सकाळी थेट विंडोजमध्ये उघडायचा. तारीख बरोबर, कळ चालू, फक्त क्रम बदललेला. इथे विसर नव्हताच, इथे दुसऱ्यानं येऊन पुन्हा लिहिलं होतं. ही नोंदवही एकट्या फर्मवेअरची नाही, चालू झालेली ऑपरेटिंग सिस्टिमही तिच्यात लिहू शकते. विंडोज आपली सुरुवातीची फाइल नव्यानं बसवतं तेव्हा, वेगळं सांगितलं नसेल तर, स्वतःला यादीत पहिलं करतं. लिनक्सही याला अपवाद नाही. ग्रब नव्यानं बसवला तर तोही स्वतःला पहिलं करून घेतो. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांसारखं हे आहे, दोष कोणाला द्यायचा? ज्या संगणकावर दोन सत्ता आहेत तिथे मोठं अपडेट झालं की क्रम पाहून घ्यायचा, एवढंच आम्ही ठरवलं.

फर्मवेअर स्वतःही लिहितं, हे त्यासोबत सांगायला हवं. यूईएफआयचा जो खुला नमुना पुष्कळ कंपन्या पायाला घेतात, त्यात दर वेळी उपकरणांची हजेरी घेण्याची सोय आहे. स्वतः लिहिलेली जी नोंद आता लागू पडत नाही ती पुसायची, नवं उपकरण दिसलं तर त्याचं नाव यादीच्या शेवटी घालायचं. ज्या लॅपटॉपला नेटवर्कचं भोक नसतं आणि यूएसबीतून नेटवर्क घ्यावं लागतं, त्यांचा घोळ यातून होतो. यूएसबीचा तुकडा एकदा काढून संगणक चालू केला की त्याचं नाव जातं, परत लावला की नाव येतं ते शेवटी. रेशनच्या रांगेतून पाच मिनिटं बाहेर गेलेल्या माणसाची जी गत होते तीच.

तिसरा, अकरा नंबरचा, सगळ्यात अवघड गेला. त्यात सेटिंग करून ‘जतन करा’ म्हटलं की तो हो म्हणायचा आणि पुढच्या क्षणी सुरू केला तरी काही जतन झालेलं नसायचं. सात नंबरला निदान एकदा तरी आठवायचं. याला एकदाही नाही. फ्लॅश मेमरीचा स्वभाव इथे आड येतो. तिच्यात एकाचं शून्य करता येतं, पण शून्याचं एक करायचं तर आख्खा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणून फर्मवेअर जुनी नोंद खोडरबरानं पुसत नाही. तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारतं आणि नवी नोंद खाली लिहितं, तलाठ्याच्या वहीत फेरफार करतात तशी. वही भरत आली की चालू नोंदी नव्या पानावर उतरवून जुनं पान कोरं करायचं असतं. हे उतरवणं नीट झालं नाही किंवा चालू नोंदींनीच वही भरली, तर नवं काही लिहिता येत नाही, आणि सगळीच फर्मवेअरं ते तोंडानं कबूल करत नाहीत.

अकरा नंबरची वही कशानं भरली होती? लिनक्स कोसळतं तेव्हा शेवटचे उद्गार पुढच्या वेळी वाचता यावेत म्हणून ते याच जागेत लिहून ठेवायची सोय आहे. आधीच्या मालकाकडे हा संगणक पुष्कळदा कोसळलेला दिसला. ‘डम्प’ या शब्दानं सुरू होणाऱ्या नोंदींची रांगच होती. त्या मी काढल्या, दुसरं काही काढलं नाही, आणि वहीत जागा झाली. या जागेत बेफिकिरीनं हात घालू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. २०१३ साली सॅमसंगचे काही लॅपटॉप ही जागा जास्त भरल्यानं कायमचे बंद पडले. मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिलं की विंडोजमधूनही तेच घडवता येतं, म्हणजे खोट फर्मवेअरची. त्यानंतर लिनक्सनं निम्म्याहून जास्त जागा भरेल असं लिहिणं नाकारायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सगळं पुसून टाकणारी एक आज्ञा देताना कोणाच्या तरी हातून याही नोंदी पुसल्या गेल्या आणि लॅपटॉप उठेना, तेव्हापासून या नोंदींना लिनक्सनं आपणहून कुलूप घातलं आहे.

०

पावसाळा संपता संपता मी एक बदल केला. अकरा बिनडिस्कच्या संगणकांना मागच्या बाजूला एकेक छोटा पेनड्राइव्ह लावला आणि त्यात, यूईएफआयच्या नियमात ठरलेल्या जागी व ठरलेल्या नावानं, आयपीएक्सई नावाचा मुक्त कार्यक्रम ठेवला. फर्मवेअरला कोणी काहीच सांगितलेलं नसेल तर ते त्या ठरलेल्या जागी डोकावतं. आयपीएक्सईजवळ नेटवर्क कार्डाशी बोलायची आपली विद्या असते, त्यामुळे फर्मवेअरची नेटवर्कची कळ बंद असली तरी अडत नाही. आता सेल मेला, क्रम गेला, तरी मासिकांची यादी येते. तारीख तेवढी चुकते, ती सर्व्हरकडून दुरुस्त करून घेतो.

सेल कधी बदलला ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक संगणकाच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. ती अक्षरं त्या मुलाची. रजिस्टरही आता तोच भरतो, ‘पडद्यावर नेमकं काय आलं’ या रकान्यासकट, इंग्रजी ओळ जशी दिसेल तशी देवनागरीत उतरवून. संध्याकाळी सात वाजता पंखे बघतो, खिडक्या लावतो आणि मेन पाडतो.